भोपाळचा बटवा आणि बिननावाचे हात

इतिहास शिकवणाऱ्या मराठी मास्तराच्या तोंडी भोपाळचे नाव वर्षातून एकदा तरी येतेच. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडले, जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईचा तह झाला, हे गेली एकोणतीस वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो आहे. नकाशावर छडी टेकवायची, तहाची कलमे सांगायची, घंटा झाली की पुढचा धडा काढायचा. त्या गावाला तळे आहे, तळ्याच्या काठी माणसे राहतात आणि ती काही घडवतात, याची खबर माझ्या विद्यार्थ्यांइतकीच मलाही नव्हती. ती मिळाली एका बटव्यामुळे.

तीन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या एका प्रशिक्षणवर्गासाठी भोपाळच्या क्षेत्रीय शिक्षण संस्थेत आठवडाभर राहण्याचा योग आला. महाराष्ट्र आणि गोवा या संस्थेच्या कक्षेत येतात, त्यामुळे आमच्या गडहिंग्लजकडचे चार मास्तर अधूनमधून तिकडे जाऊन येतात. निघताना सौभाग्यवतींनी एकच मागणे मागितले. "तिकडचे बटवे नावाजलेले आहेत म्हणे, एक आणा." आपल्याकडे बटवा म्हटला की आजीबाई आठवते, सुंठ, वेखंड, जायफळ, मुरडशेंग. त्या आजीबाईलाही नाव नसते, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. असो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या वेळी भोपाळलाच होती. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची, जिला सारे 'निफ्ट' म्हणतात तिची, एक शाखा २००८ पासून तेथे आहे. त्या शाखेत ती वस्त्ररचना शिकत होती. दहावीपर्यंत माझ्या इतिहासाच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारी ही मुलगी. त्याबद्दल मी तिला बाकावर उभेही केलेले आहे. तीच मला जुन्या शहरातल्या चौकात घेऊन गेली.

चौकातल्या दुकानांत बटवे झुंबरांसारखे टांगलेले असतात. मखमलीचे, रेशमाचे, त्यांवर जरीची वेलबुट्टी, मणी, टिकल्या, तोंडाशी गोंडे लावलेल्या दोऱ्या, त्या दोन्हीकडून ओढल्या की बटव्याचे तोंड मिटते. एक मोरपिशी बटवा मी हातात घेतला. त्यावर उमलत्या कमळाची आकृती होती, पण कमळाच्या पाकळ्या आपण नेहमी पाहतो तशा सारख्या नव्हत्या. एका बाजूची पाकळी किंचित कलंडलेली, जणू वारा लागला आहे. मी सहज विचारले, "हे कोणी केले?" दुकानदार म्हणाला, "अपना ही माल है, साहब." पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. तेव्हा विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, कोणी केलं विचारलंत तर दुकानाचंच नाव सांगतील. कुठं बनतं ते विचारा."

तसे विचारल्यावर मात्र पत्ता मिळाला. दोन बोळ ओलांडून, जिना चढून, आम्ही एका खोलीत गेलो. खोलीच्या मध्यभागी खाटेएवढी लाकडी चौकट जमिनीपासून हातभर उंचावर मांडलेली. हिला अड्डा किंवा कारचोब म्हणतात. चौकटीवर किरमिजी मखमल ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले चौघे कारागीर. आतल्या खोलीत दोन स्त्रिया टिकल्या निवडत होत्या. जरदोजी हा शब्द फारसी. जर म्हणजे सोने आणि दोजी म्हणजे शिवणकाम. प्रत्यक्षात सोने आज कोणाला परवडणार? पण तारांची नावे अजून दरबारी आहेत. दबका, सलमा, कसब, नक्शी, बादला. एक हात कापडाखाली दोरा पुरवतो, दुसरा वरून आकडीच्या सुईने, म्हणजे आरीने, तो ओढून घेतो. खालच्या हाताला डोळे नसतात, तो नुसत्या स्पर्शावर चालतो.

या कामात आकृती काढणारा वेगळा असतो, हे मला ठाऊक नव्हते. तो पातळ कागदावर आकृती रेखतो. मग रेषेवरून सुईने बारीक भोके पाडत जातो. याला खाका म्हणतात. खाका कापडावर ठेवून वरून रॉकेलात कालवलेली पूड बोळ्याने फिरवली की भोकांतून ठिपके उतरतात आणि त्या ठिपक्यांवर टाके पडतात. एक खाका अनेकदा चालतो. जुने खाके गुंडाळ्या करून फळीवर ठेवलेले होते; त्यांतला एखादा बापाच्या, एखादा आज्याच्या हातचा. आजची फॅशनवाली मंडळी ज्याला डिझायनर म्हणतात तो माणूस या खोलीत हजर होता, पण त्याच्या नावाची पाटी कुठेही नव्हती.

त्यांतला सर्वात वयस्क कारागीर बोलका होता. मी आमचा मोरपिशी बटवा पुढे केला. त्याने चष्मा वर सरकवला, बटवा उलटा करून अस्तराच्या फटीतून आत पाहिले आणि एका माणसाचे नाव सांगितले. म्हणाला, हा कललेला पाकळीचा टाका त्याचाच, दुसरा कोणी असे ओढत नाही. तो माणूस तिसऱ्या गल्लीत राहतो, अलीकडे डोळ्यांनी अधू झाला आहे. मी विचारले, "मग दुकानात हे कोणी सांगत का नाही?" तो हसला. "नाम तो दुकान का होता है, साहब."

या एका वाक्याने माझ्या जुन्या समजुतीला तडा गेला. एम. ए.ला असताना मी आनंद कुमारस्वामींचे लेखन मोठ्या भक्तीने वाचले होते. भारतीय शिल्पी आपले नाव कोरत नाही, कारण निर्मिती त्याची नसते, ती परंपरेची असते. 'मी' विरघळून जाणे हीच त्याची साधना, असा त्या विचाराचा मला उमगलेला गाभा. हे मी वर्गात सांगितले, स्नेहसंमेलनांत सांगितले, एका निरोपसमारंभात तर शिपायाच्या गौरवासाठीही वापरले. ऐकणाऱ्याला ते गोड वाटते आणि सांगणाऱ्याला फुकट पडते. पण अड्ड्यावर कोणाचेच नाव विरघळलेले नव्हते. चौघांना चौघांचे हात ओळखू येत होते. नाव होते, ते जिना उतरताना कुठेतरी गळत होते.

ते कुठे गळते, हे शोधणे हे इतिहासाच्या मास्तराचेच काम नव्हे काय?

योगायोग असा की त्याच रविवारी आम्हा प्रशिक्षणार्थींना भीमबेटका आणि भोजपूर दाखवायला नेले. भीमबेटकाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. भोजपूर मात्र आपल्याकडच्या फारच थोड्यांनी पाहिलेले असते. भोपाळपासून सुमारे २८ किलोमीटरवर, बेतवेच्या काठी, परमार राजा भोजाच्या काळातले, म्हणजे अकराव्या शतकातले हे शिवमंदिर अर्धवट राहिले. गाभाऱ्यातले लिंगच साडेसात फूट उंच. मंदिराच्या मागे दगड वर चढवण्यासाठी रचलेला मातीचा उतार अजून तसाच आहे आणि आसपासच्या खडकांवर मंदिराचे आराखडे कोरलेले आहेत. दगड घडवणाऱ्यांचे खाकेच ते! पण मला खिळवून ठेवले ते निराळ्याच गोष्टीने. या मंदिराच्या दगडांवर पाथरवटांच्या तेराशेहून अधिक खुणा आहेत. चक्र, त्रिशूळ, शंख, स्वस्तिक, नागरी अक्षरे, आणि त्यांत काही चक्क माणसांची नावे. कोणी, कोणत्या घराण्याने वा टोळीने किती काम केले याचा हिशेब ठेवण्यासाठी त्या कोरल्या जात. काम पुरे झाले, अखेरचा हात फिरला की त्या घासून टाकायच्या. भोजपूरचे मंदिर पुरे झाले नाही, म्हणून त्या उरल्या. पुरे झाले असते तर तेथे फक्त भोजाचे नाव राहिले असते आणि आम्ही मास्तरांनी शिल्पींच्या निरहंकारावर आणखी एक भाषण ठोकले असते.

मग आठवत गेले. आमच्या सीमेपलीकडे कर्नाटकात होयसळांची मंदिरे आहेत. बेलूरला दासोजाने आणि त्याच्या मुलाने, चावणाने, आपापल्या मूर्तींखाली नावे कोरली आहेत. मल्लितम्मा नावाच्या शिल्पीची स्वाक्षरी तर अनेक देवळांत सापडते. शाळेच्या सहलीबरोबर मी बेलूरला तीनदा गेलो आहे. तिन्ही वेळा मुले मोजण्यात वेळ गेला. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या पदरचे सतरा चितारी नावानिशी दिले आहेत. दसवंत, बसावन, केसू, मुकुंद अशी नावे त्यांत आहेत. मात्र तोच ग्रंथकार कापडांकडे वळला की बहुतेक ठिकाणी माणसांऐवजी गावे येतात. गुजरातचे कापड, लाहोरची शाल. दगडाला आणि कागदाला क्वचित नाव चिकटले. कापडाला चिकटले ते राहिले नाही. कापड विरते हे एक कारण खरेच. पण तेवढेच कारण नव्हे.

भोपाळच्याच राजघराण्याकडे पाहा. १८१९ ते १९२६ या काळात, मधली थोडी वर्षे सोडता, या गादीवर एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले. कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ. जगाच्या इतिहासात असे उदाहरण सहजी सापडत नाही. जरदोजी आणि बटव्याच्या कामाला भोपाळात जो बहर आला तो याच दरबाराच्या आश्रयाने, असे तिथले लोक सांगतात. सिकंदर बेगम पडदा पाळत नसे. ती घोड्यावर बसे, कारभार स्वतः पाही. १८६१ मध्ये इंग्रजांनी तिला 'स्टार ऑफ इंडिया' दिला आणि १८६२ मध्ये जेम्स वॉटरहाउस या लष्करी अधिकाऱ्याने भोपाळात येऊन तिची आणि तिची मुलगी शाहजहाँ हिची छायाचित्रे घेतली. आता त्या छायाचित्राखाली नाव कोणाकोणाचे? बेगमेचे आहे. छायाचित्र घेणाऱ्याचे आहे. अंगातल्या पोशाखाच्या टाक्याटाक्यावर ज्याचे डोळे गेले त्याचे मात्र नाही, आणि ते असावे असे त्या दोघांपैकी कोणाच्या मनातही आले नसेल.

सुलतान जहाँ बेगमेची तऱ्हा याहून निराळी. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणासाठी ती लंडनला गेली ती बुरखा घालून. पुढे तिने पडद्याच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले आणि त्याच बाईने मुलींच्या शाळा काढल्या. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची ती पहिली कुलपती झाली. तिचा चेहरा लंडनकरांना दिसला नाही, पण ती कोण आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. झाकलेला चेहरा आणि पुसलेले नाव या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला तिच्यामुळे कळले. झाकणे तिच्या हातात होते.

आपण मराठी माणसे यात मागे आहोत असे नाही. महेश्वरी साडी म्हटली की आपल्या ओठांवर अहिल्याबाईंचे नाव येते. त्यांनी नर्मदाकाठी ठिकठिकाणचे विणकर आणून वसवले हे खरे, आणि साडीचा पहिला नमुना त्यांनीच आखला असेही परंपरा सांगते. काठावरची लहर नर्मदेची, वीट किल्ल्याची. त्या पुण्यश्लोक बाईंविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरी कुतूहल वाटते की किल्ल्याच्या भिंतीतली वीट ताण्याबाण्यात कशी उतरवायची हे गणित ज्या विणकराने सोडवले, त्याचे काय? चंदेरीलाही शिंद्यांच्या घराण्याने आश्रय दिला, आणि शिंदे हे नाव उरले. अलीकडे कायद्याने भौगोलिक निर्देशांक आले. चंदेरीला तो २००५ मध्ये मिळाला, आमच्या शेजारच्या इरकल साडीलाही मिळाला आहे. ते चांगलेच झाले. पण त्यातही राखण होते ती गावाच्या नावाची.

अड्ड्यावरून परतताना आम्ही एका टपरीवर थांबलो. भोपाळचा सुलेमानी चहा चिमूटभर मीठ घातलेला असतो. पहिल्या घोटाला फसवणूक वाटते, तिसऱ्याला आवडू लागतो. तिथे विद्यार्थिनीने मला एका परदेशी माणसाची कथा सांगितली. तिच्या अभ्यासात ती होती. वाचकांसाठी ती थोडी विस्ताराने देतो.

कपड्याच्या आत शिवणाऱ्याच्या नावाची पट्टी लावण्याची रीत युरोपातही फार जुनी नाही. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या इंग्रजाने १८५८ मध्ये पॅरिसला शिवणघर काढले आणि चित्रकाराने चित्रावर सही करावी तशी आपली पट्टी कपड्यांत शिवायला सुरुवात केली. आपल्याकडे सत्तावनची धामधूम नुकतीच शमत होती तेव्हाची ही गोष्ट. तेव्हापासून पॅरिसात शिंप्याचे नाव कपड्याहून मोठे होत गेले. वर्थच्या घरात सुई धरणाऱ्या बायका शेकड्यांनी होत्या. फ्रेंच लोक त्या कारागिरणींना कौतुकाने 'छोटे हात' म्हणतात. सही एका माणसाची.

मग १९८८ मध्ये मार्टिन मार्जिएला या बेल्जियमच्या माणसाने जेनी मेरेन्स या बाईंच्या जोडीने पॅरिसात आपले घर काढले आणि उलटाच डाव टाकला. त्याने कपड्यात पट्टी लावली ती कोरी. पांढऱ्या कापडाचा एक तुकडा, चार कोपऱ्यांना चार टाके, वर अक्षर नाही. तो छायाचित्र काढू देत नसे, प्रदर्शनाच्या शेवटी लोकांसमोर येऊन वाकत नसे, मुलाखती फॅक्सने देई आणि उत्तरांत 'मी' न लिहिता 'आम्ही' लिही. त्याच्या शिवणघरात सगळे पांढरे डगले घालत. कधी कपडे घालून चालणाऱ्या मुलींचे चेहरेही तो कापडाने झाकी. पाहणाऱ्याने कपड्याकडे पाहावे, एवढाच हट्ट. फुटक्या बशांच्या तुकड्यांची बंडी, जुन्या मोज्यांचा स्वेटर, अशा वस्तू त्याने केल्या. हे ऐकून मला आमच्या भागातल्या गोधड्या आठवल्या. पण गोधडी ही गरज आणि ही प्रयोगशीलता, असा फरक जग करते.

मौज पुढेच आहे. ते चार पांढरे टाके कपड्याच्या पाठीवर बाहेरून दिसत. हळूहळू जाणकार ते ओळखू लागले आणि कोरी पट्टी हीच सर्वात बोलकी सही ठरली. २००२ मध्ये एका मोठ्या उद्योजकाने त्या घराचा बहुतांश हिस्सा विकत घेतला, २००९ मध्ये मार्जिएला निघून गेला, तरी घराला आजही नाव त्याचेच आहे. २०१९ मध्ये त्याच्यावर अनुबोधपट निघाला. त्यात त्याचा आवाज आहे, चेहरा नाही. दिसतात ते फक्त हात.

मी म्हणालो, "त्याला परवडलं. आपल्या त्या वरच्या मजल्यावरच्या चाचांनी मुलाखत नाकारली असं व्हायला आधी कोणीतरी ती मागायला तर हवी." मला वाटले, मी मोठे बिनतोड बोललो. पण ती विचारात पडली. म्हणाली, "सर, पण तो 'आम्ही' म्हणत होता. ते खोटं नव्हतं. आणि अड्डासुद्धा 'आम्ही'च आहे ना? खाका एकाचा, टाके चौघांचे, टिकल्या आतल्या बायकांनी निवडलेल्या. मग पट्टीवर नाव कोणाचं घालणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही पुरते नाही. वर्गात तिला बाकावर उभे केले होते याची मात्र तेव्हा मनापासून लाज वाटली.

पण याच भोपाळात, आमची शिक्षणसंस्था आहे त्याच श्यामला टेकडीवर, या प्रश्नाला एकदा उत्तर देण्याचा यत्न झाला होता. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तेथे भारत भवन उभे राहिले. वास्तू चार्ल्स कोरियांची. त्यातल्या 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची धुरा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे. स्वामीनाथनांनी तरुण चित्रकारांच्या तुकड्या मध्य प्रदेशच्या आदिवासी मुलखात पाठवल्या आणि जे आणले ते शहरी चित्रकारांच्या बरोबरीने, एका छताखाली मांडले. तोवर अशा वस्तूंखाली 'गोंड' किंवा 'भिल्ल' अशी जमातीची चिठ्ठी असे. स्वामीनाथनांनी माणसाचा शोध घेतला. पाटनगढच्या एका भिंतीवर काढलेल्या चित्राचा माग काढत ही मंडळी जनगढ सिंह श्याम या तरुणापर्यंत पोचली. तो भोपाळला आला, कागद आणि शाई हाती आली, आणि त्याच्या ठिपक्यारेघांच्या शैलीला पुढे जमातीचे नव्हे, त्याचे नाव मिळाले: जनगढ कलम. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. भूरीबाई ही झाबुआकडची भिल्ल बाई तर भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला होती. दिवसाला सहा रुपये मजुरी. तिला चित्रे काढायचे दहा रुपये देऊ केले गेले. बसून रंगवायचे आणि वर जास्त पैसे, हे तिला प्रथम खरेच वाटेना. २०२१ मध्ये ती पद्मश्री झाली.

हे लिहिताना दुसरी बाजू गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जनगढ २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रे काढत असताना, घरापासून हजारो मैल दूर, तेथेच आत्महत्या करून गेला. वय चाळिशीच्या आसपास. नाव मिळाले म्हणजे सगळे मिळाले असे नसते, हे त्याच्या कुटुंबाइतके कोणाला कळणार? तरी एवढे खरे की तो गेला तेव्हा कोण गेले हे जगाला सांगता आले. वर्तमानपत्रांत 'एक आदिवासी कारागीर' असे छापून आले नाही.

सुईवाल्या हातांना भोपाळात नावाने पुढे यायला मात्र वेगळेच निमित्त घडले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री जो वायू सुटला त्याने जुन्या शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. वाचलेल्या बायकांसाठी सरकारने शिवणकेंद्रे काढली आणि पुढे ती बंद करू लागले. तेव्हा त्या शिवणाऱ्या बायकाच रस्त्यावर आल्या. १९८६ मध्ये त्यातून गॅसपीडित महिला उद्योग संघटना उभी राहिली. अब्दुल जब्बार तिचे नेते. ते २०१९ मध्ये वारले, पण त्यांच्या स्वाभिमान केंद्रात बायकांनी शिवण आणि जरदोजी शिकली. बुरख्यातल्या बायका मोर्च्यात चालल्या, न्यायालयाच्या कागदांवर त्यांची नावे चढली. कपड्यावर चढली नाहीत.

आता माझ्या घरचा, म्हणजे शाळेचा, हिशेब. तो मांडल्याशिवाय हा लेख संपवण्याचा मला अधिकार नाही.

भोपाळला जाण्याच्या आदल्या वर्षी शाळेत कलाप्रदर्शन भरवले होते. हस्तकलेच्या टेबलावर मुलींनी आणलेल्या कसुतीच्या वस्तू होत्या. आमच्या भागात, धारवाडकडच्या लेकी सुना होऊन येतात त्या घरांत, ही कला अजून टिकून आहे. इरकलीवर एकेक दोरा मोजून गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती भरायचे. कसुतीत गाठ मारत नाहीत. गवंतीचा टाका तर असा की कापडाची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. टेबलावर मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: 'कसुती, इयत्ता नववी'. पाहुण्यांनी कौतुक केले. वर्तमानपत्रात बातमी आली, 'मुख्याध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली'. सुईत दोरा ओवणे मला जमत नाही. तरी ते कात्रण मी फायलीला लावले.

त्या दिवशी नऊवारी नेसलेली एक म्हातारी त्या टेबलाशी बराच वेळ उभी होती. तिने एक काळ्या चंद्रकळेचा तुकडा उचलला, उलटा केला आणि मागची बाजू डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागली. मी लांबून ओरडलो, "आज्जी, हात लावू नका, मुलांच्या वस्तू आहेत." तिने तो घडी मोडू न देता खाली ठेवला आणि काही न बोलता निघून गेली.

तो तुकडा तिचाच होता. नात नववीत, नातीने आणला होता. हे मला पुढे कळले आणि मी ते विसरूनही गेलो. भोपाळच्या त्या वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्या कारागिराने बटवा उलटा करून अस्तरात पाहिले, त्या क्षणी ती आठवली.

परत आल्यावर आठवडाभर टाळले. मग एका रविवारी तिच्या घरी गेलो. ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. माफी मागितली, ती तिने ऐकली की नाही कळले नाही, कारण तेवढ्यात तिने नातीला चहा ठेवायला हाक मारली. मी सांगितले की यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक वस्तूखाली जिने टाके घातले तिचे नाव लिहायचे आहे, तेव्हा तुमचे सांगा. आज्जीने सूप बाजूला ठेवले.

"कुठलं घालताय? म्हायारचं का सासरचं?"

आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात, हे मी अर्थातच जाणतो. प्रवेशअर्जांवर आईच्या नावाच्या रकान्यात दोन दोन नावे खोडलेली मी हजारदा पाहिली आहेत. तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता. म्हणालो, "तुम्ही सांगाल ते."

"म्हायारचं घाला. टाका तितंच शिकलो न्हवं मी."

जानेवारीत चिठ्ठी लावली. तिचा मुलगा, आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी, प्रदर्शन पाहायला आला होता. टेबलापाशी थांबला, चिठ्ठी वाचली, तुकड्याकडे पाहिले, पुन्हा चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, काम आमच्या आईच्या हातचं वाटतंय. पण ही बाई कोण?"